बिरदेव पेंटरचे रणगाडे

इंदापूरच्या एसटी स्टँडवरून तहसील कचेरीकडं निघालं की डाव्या हाताला आता मोबाईलची तीन दुकानं लागतात. त्यातल्या मधल्या दुकानाच्या जागी पूर्वी माझा टायपिंगचा क्लास होता आणि त्याला भिंतीला भिंत लावून बिरदेवचं पेंटिंगचं दुकान. तिथून जाताना मला अजून टर्पेंटाईनचा वास येतो. बायको म्हणते, वास वगैरे काही नाही, तुमचं वय झालंय. असेल. पण नव्वद सालानंतरची सगळी उमेदीची वर्षं मी त्या वासात काढली आणि त्याबद्दल रोज बिरदेवशी भांडलो. आता भांडायला कोणी नाही, तर करमत नाही.

बिरदेव उंच, हडकुळा, आणि अंगावर कुठं ना कुठं रंग लागलेला. लग्नकार्याला धुतलेला सदरा घालून आला तरी कानाच्या पाळीला हिरवा ठिपका असायचाच. ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रंगवणं हा त्याचा मुख्य धंदा. कारखान्याचं गाळप सुरू व्हायच्या आधी त्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागे आणि माझ्या विद्यार्थ्यांना सायकली लावायला जागा राहत नसे. मी ओरडायचो. तो तोंडात ब्रश धरून मान हलवायचा, म्हणजे काय ते आजतागायत मला कळलेलं नाही.

त्याची एक सवय होती. ट्रॉली आली की आधी तो मालकाचं नाव आणि गाव विचारायचा. कमळ कुठं, सिंह कुठं, नंबर कुठं हे सगळं नंतर. आधी मागच्या फळीवर मालकाचं नाव. मी एकदा म्हटलं, "अरे, आधी रंगाचा हात तरी दे."

"मास्तर, वस्तू कुनाची हाय ह्ये आदी दिसाय पायजे. रंगाचं काय, रंग कुनीबी देतंय."

ही सवय त्याला पेंटिंगच्या धंद्यातून लागलेली नव्हती. घरातून आली होती. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडणारं; मेंढरांना ते बकरीच म्हणत. मोरगावच्या माळापासून पार घाटापर्यंत त्यांची वाट ठरलेली. वडील झुंबरआबा म्हणजे त्या वाटेवरचं मोठं नाव. पुढं कालव्याचं पाणी फिरलं, जिकडं तिकडं ऊस उभा राहिला आणि मेंढरं बसवायला पड रान म्हणून राहिलं नाही. त्यात आबा आजारी पडले, बारामतीच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. बिरदेव एकटा. त्यानं अख्खा कळप फलटणकडच्या एका माणसाला विकून टाकला आणि हे दुकान घातलं.

आबा दवाखान्यातून घरी आले, मेंढरांचा रिकामा वाडा बघितला आणि त्या दिवसापासून बिरदेवशी बोलायचे बंद झाले. फक्त बिरदेवशी. बाकी साऱ्या जगाशी ते बोलत, आणि जरा जास्तच बोलत.

या अबोल्याचा सगळा त्रास मला. कारण आबा रोज सकाळी वस्तीवरून काठी टेकत यायचे आणि माझ्या क्लासच्या पायरीवर बसायचे. मुलाच्या दुकानात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. पण लांबही जायचे नाहीत. दुपारी सिंधुबाई, म्हणजे बिरदेवची बायको, भाकरी घेऊन यायची. एक फडकं पायरीवर सोडायची, दुसरं दुकानात. मग आबा मला म्हणायचे, "मास्तर, त्या पेंटरला म्हनावं, सांच्याला येताना तंबाकू आन."

पेंटर तीन हातांवर बसलेला. तो तिथनंच म्हणायचा, "मास्तर, आबास्नी म्हनावं, आनतो."

मध्ये मी. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी इथं टायपिंग शिकवतो, टपालखातं चालवत नाही. तुमचं तुम्ही बघा." दोघांनी मनावर घेतलं. मग आबांची तंबाखू संपली तरी कोणी बोलेना, बिरदेव उगाच डबे वरखाली करत राहिला, आबा रस्त्याकडं बघत राहिले. शेवटी मलाच राहवेना. मी आपला उठलो आणि विचारलं, "आबा, तंबाखू सांगू का त्याला?"

बिरदेवला हे किती लागत होतं ते मला ठाऊक होतं. एकदा ट्रॉलीवर कमळ काढता काढता, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "मास्तर, आबांनी मला शिव्या द्याव्यात, कानफाडात द्यावी. मी उभा ऱ्हातो. पन येकदा माज्याशी बोलावं. मला म्हनून येक शबूद." आणि मग बराच वेळ त्याचं कमळ काही पुढं सरकलं नाही. आबांचं वय झालेलं होतं. हे असंच राहिलं आणि आबा गेले तर, ही भीती त्याच्या पोटात होती. तो बोलून दाखवत नसे, पण मला शेजारी बसून दिसत होती.

अशातच ते रणगाडे आले.

साल शहाण्णव असावं. गाळप संपलेलं, ट्रॉल्या गावोगाव परत गेलेल्या, बिरदेव दुकानात माश्या मारत बसलेला. कळंबचा युवराज स्कूटरवरून आला. घर ऊसवाल्यांचं, पण हा शिकून इंजिनिअर झालेला. कंपनीनं त्याला काही महिने विलायतेला पाठवलं होतं. तिथून माणसं घड्याळं आणतात, सेंट आणतात. यानं पुठ्ठ्याच्या दोन पेट्या आणल्या होत्या आणि दोन्हींत मिळून दोन डझन प्लॅस्टिकचे करडे रणगाडे. एकेक काडेपेटीएवढा. बिरदेवच्या फळीवर त्यानं ते मांडले तेव्हा माझा अर्धा क्लास यंत्रं सोडून बघायला आला.

"हा खेळ आहे मास्तर," युवराज म्हणाला. "टेबलावर थर्मोकोलचे डोंगर मांडायचे, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई करायची. ही लढाई अजून व्हायची आहे. दहा हजार वर्षांनी."

आमच्या तालुक्यात आज्याच्या काळातल्या बांधाची लढाई अजून कोर्टात चाललेली, आणि याला दहा हजार वर्षांनंतरच्या लढाईची घाई. मी तसं म्हटलंही. युवराज हसला. पोरगा मनानं मोकळा होता.

बिरदेवनं एक रणगाडा उचलून उलटा केला. "आन् चाकं वो?"

"चाकं नाहीत. जमिनीपासून वीतभर वर तरंगत जातो."

"बैलबी न्हाय, चाकबी न्हाय." बिरदेवनं पेटीवरचं चित्र बघितलं. चित्रातल्या रणगाड्याला खाली सगळीकडं चिखल फासलेला होता. "तरंगतंय म्हंता, मग ह्यो चिखुल कुटनं उडाला?"

विलायतेतही कोणी युवराजला हे विचारलं नव्हतं म्हणे. "तुम्हाला वाटेल तसं करा," तो म्हणाला, "खरं वाटलं पाहिजे एवढंच. आणि लांबनं बघितलं तरी कुणाचा आहे ते कळलं पाहिजे. एवढं मात्र सांभाळा."

बिरदेव म्हणाला, "त्येची काळजी करू नगा." तेवढ्यात माझी पुढची बॅच आली आणि मी आत गेलो.

त्या उन्हाळ्यात बिरदेव जो त्या कामात बुडाला तो बुडालाच. आठ फूट फळीवर हात चालवायची सवय असलेला माणूस, त्याला नखाएवढ्या झाकणावर रेघ मारायची. पहिला रणगाडा त्यानं ट्रॉलीच्या रंगानं रंगवला, तर त्याचे सगळे बारीक खिळे, जाळ्या, भोकं बुजून तो गुळाच्या ढेपेसारखा दिसायला लागला. बिरदेवनं तो टर्पेंटाईनमध्ये बुडवून पुन्हा करडा केला. मग एसटीनं बारामतीला जाऊन सगळ्यांत बारीक ब्रश आणला. तोही जाड वाटला म्हणून ब्लेडनं त्याचे केस कमी करत करत अगदी थोडे ठेवले. रंग पातळ केला. रणगाडा हातात धरला की बोटं लागायची, म्हणून बाटलीच्या बुचावर मेणानं चिकटवला आणि बूच धरून रंगवायला लागला.

एक दिवस ब्रश धुतलेलं काळं टर्पेंटाईन चुकून एका रणगाड्यावर सांडलं. त्यानं शिवी हासडली आणि पुसायला घेतलं, तर वरचं पुसलं गेलं आणि फटीफटींत काळं राहून गेलं. रणगाडा एकदम जुना, वापरातला दिसायला लागला. बिरदेवनं मला हाक मारून बोलावलं. भरलेला क्लास टाकून गेलो मी. मग त्यानं मुद्दाम सगळ्यांना तसंच केलं. कडांवर कोरड्या ब्रशनं उजळ रंग घासला. चिखल लावला नाही, पण खालच्या अंगाला पिवळसर धूळ मात्र दिली. "तरंगंना का," म्हणाला, "इंदापूरची धूळ हाय. वीतभर वर चडतीच."

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. दुपारच्या उन्हात बाहेर हायवेवर ट्रका धडधडत जायच्या, आत माझी यंत्रं खडखडायची आणि शेजारी हा माणूस श्वास रोखून दहा हजार वर्षांनंतरच्या गाडीचं दार रंगवत बसायचा. सिंधुबाई म्हणायची, "माज्याकडं कवा येवडं ध्यान दिऊन बगितलं न्हाय." मला वाटतं, तिला थोडा रागच होता त्या गाड्यांचा. पण भाकरीचं फडकं ठेवताना फळीला धक्का लागू नये म्हणून तीच जपायची.

आबा पायरीवरून सगळं ऐकत होते. बघत नव्हते. मला विचारायचे, "काय चाललंय त्येचं?" मी सांगायचो, "खेळण्यातले रणगाडे रंगवतोय." आबा म्हणायचे, "व्हय का," आणि तंबाखू मळायचे.

मग शनिवार आला. दुसऱ्या दिवशी युवराजची कंपनीच्या कॉलनीतल्या क्लबात लढाई ठरलेली होती, त्याच्याच खात्यातल्या बापूसाहेब नावाच्या वयस्कर इंजिनिअरबरोबर. तो रणगाडे न्यायला आला. बिरदेवनं ते सगळे फळीवर ओळीनं मांडले होते. युवराज वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा असा फुलला की मलाच धन्य वाटलं. मग तो एकेक उचलून बघत गेला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बिरदेव, यातले माझे कुठले?"

"समदे तुमचंच की."

"तसं नाही. निम्मे माझे, निम्मे बापूसाहेबांचे. दोन बाजू असतात ना लढाईला. म्हणून तर दोन पेट्या होत्या. कुणाचा कुठला ते कळलं पाहिजे म्हणालो होतो मी."

बिरदेवला काही समजेना. त्यानं एक रणगाडा उचलून त्याची डावी कूस युवराजला दाखवली. तिथं गेरूच्या रंगाचा एक आडवा पट्टा होता आणि पट्ट्याखाली दोन ठिपके. सगळ्या रणगाड्यांच्या डाव्या कुशीवर तेच होतं. "ही बगा की खूण. कुनाचं हाय त्ये कळाय पायजे म्हनला, म्हनून काल समद्यास्नी दिली. येका घरचा कळप म्हंजी येक खूण. तुमच्या घरात मेंढरं न्हाईत, तुमची खूण असायची न्हाय. मग मी आमचीच दिली."

खेळाचं मला काही कळत नव्हतं, पण बिरदेवचं मला कळलं. एका मालकाच्या दारातून एकत्र आलेली वस्तू आपापसात लढणार आहे, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. हजार मेंढरं एका माळावर मिसळली तरी खुणेवरून वेगळी करायची, एवढंच त्याला घरी शिकवलेलं. आपलीच मेंढरं आपल्यातच वेगळी कशाला करायची?

युवराज बिचारा डोकं धरून उभा होता. चिडला नाही, पण लढाई उद्या सकाळी. शेवटी म्हणाला, "असं करा. निम्म्यांची खूण पुसून टाका. ओली असेल ना अजून? बिनखुणेचे बापूसाहेबांचे."

खूण कालचीच, कच्ची होती. बाकी रंग वाळून पक्का झालेला. टर्पेंटाईनच्या बोळ्यानं खूण तेवढी निघाली असती. बिरदेवनं चिंधी घेतली, डब्यात बुडवली आणि पहिला रणगाडा उचलला.

"थांब."

आवाज दारातून आला. आम्ही तिघंही वळलो. झुंबरआबा दुकानाच्या उंबऱ्याच्या आत उभे होते. काठी पायरीवरच राहिली होती.

"कशाची खूण पुसतुयास?"

पुसतुयास. समोर मी उभा होतो, युवराज उभा होता, पण आबा बिरदेवकडं बघत होते आणि त्यालाच विचारत होते. बिरदेवनं हातातला रणगाडा पुढं केला. आबांनी तो घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, कुशीवरून अंगठा न टेकवता फिरवला. मग फळीजवळ येऊन वाकले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे बघत गेले. त्यांचे ओठ हलत होते. मेंढरं मोजतात तसं ते जोडीजोडीनं मोजत होते.

"आपलीच हायेत," ते म्हणाले.

"व्हय आबा."

"बकरी इकली त्येचा मला राग न्हवता," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, रोज मला तंबाखू सांगायचे त्याच आवाजात ते बोलत होते. "रान ऱ्हायलं न्हवतं, मलाबी दिसत हुतं. मी असतो तर मीबी इकली असती. पन इकताना मालकानं सोता आपल्या हातानं लोकरीवरली खूण कातरायची आस्ती. येकेकाच्या पाठीवर हात ठिवायचा. घेनाऱ्याला इचारायचं, बाबा, नीट चारशील का. तवा त्ये जनावर त्येचं हुतं. तू मी खाटंवर आसताना कातरलीस. मला न्याचं हुतं तितं. उचलून न्याचं हुतं."

"तुमाला तरास हुईल म्हनून..." बिरदेव म्हणाला.

इतकी वर्षं मी निरोप पोचवले होते. बिरदेवला, सिंधुबाईला, मला, साऱ्या वस्तीला वाटत होतं की म्हाताऱ्याला कळप गेल्याचा राग आहे. आणि म्हाताऱ्याला फक्त निरोप घ्यायला न मिळाल्याचं दुःख होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी टेकायला काहीतरी शोधलं आणि माझा हात रंगात भरला.

आबांनी चिंधीसाठी हात पुढं केला. बिरदेवनं दिली. त्यांनी फळीसमोरच्या रिकाम्या डब्यावर बसकण मारली आणि एकेक रणगाडा घेऊन खूण पुसायला लागले. घाई नाही. आधी पाठीवर तळहात, मग कुशीवरून चिंधी, मग बाजूला ठेवायचा. युवराजला यातलं काही माहीत नव्हतं, पण पोरगा शहाणा. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला उभा राहिला. माझ्या क्लासातली यंत्रंही कधी थांबली होती मला कळलं नाही, पोरं दाराशी आली होती.

निम्मे पुसून झाल्यावर आबांनी चिंधी खाली ठेवली. उरलेल्यांकडं बघितलं. "ही ऱ्हाऊंद्या," म्हणाले. मग बिरदेवकडं मान वर करून विचारलं, "कुनाला दिलीस?"

बिरदेवनं युवराजकडं हात केला. "ह्ये कळंबचं युवराजदादा..."

"ही न्हवं."

बिरदेवचा हात तसाच राहिला. मग तो आबांच्या समोर जमिनीवर खाली बसला.

"फलटणकडच्या येका बाबाला दिली, आबा. रावजी नाव त्येचं. तीन पोरं हुती, तिगंबी बकऱ्यामागं हिंडनारी. मी दोन कोस चालत गेलो त्येंच्यासंगं. काळ्या मेंढीला नवं कोकरू हुतं, त्ये त्येनं सोता खांद्यावर घेतलं."

"काळीचं कोकरू त्येनं घेतलं?"

"व्हय. घोंगड्यात घेतलं."

"नीट चारतो म्हनला का?"

"म्हनला, आबा. मी इचारलं हुतं."

आबांनी मान हलवली. "मग बरं केलंस," ते म्हणाले, आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.